काटा कुणाच्या हातात?

दिवाळी सरली की शहागडच्या फाट्यावर रात्री वाहनांची रीघ लागते. धुळे-सोलापूर महामार्ग इथे गोदावरी ओलांडतो. अलीकडचा काठ जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्याचा, पलीकडचा बीडमधल्या गेवराईचा. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर अंकुशनगरच्या कारखान्याकडे वळतात. ताडपत्री आवळलेले कापसाचे पिकअप जिनिंगकडे निघालेले असतात. मोसंबीचा ट्रक चहापुरता थांबतो आणि उजाडेपर्यंत धुळं मागे टाकतो, कारण त्याला दिल्ली गाठायची असते. मध्येच वाळूचा हायवा जातो, त्याच्याबद्दल फाट्यावर कुणी फारसं बोलत नाही. याच दिवसांत ट्रकच्या हौद्यात भांडी, बाजली, कोंबड्या आणि लेकरं घेऊन ऊसतोडीची बिऱ्हाडं दक्षिणेकडे चाललेली दिसतात.

माल इथून बाहेर पडतो आणि माणसंही बाहेर पडतात. मालाचं मोल पुढे टप्प्याटप्प्यानं वाढत जातं. त्या वाढीतलं मागे, म्हणजे ज्यानं लावलं, वेचलं, तोडलं त्याच्या घरात किती येतं, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

विकासाच्या सरकारी भाषेत याला ‘मूल्यसाखळी’ म्हणतात. मायकेल पोर्टर यांनी १९८५ मध्ये ही कल्पना मांडली ती कंपन्यांना नफा नेमका कुठून मिळतो हे उलगडायला. गरिबी हटवायला नव्हे. पुढे नव्वदच्या दशकात गॅरी जेरेफी यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी ती देशोदेशी पसरलेल्या उत्पादनाला लावून पाहिली आणि विचारलं, या साखळीवर हुकूमत कुणाची चालते? मदत देणाऱ्या संस्थांनी साखळी उचलली, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा मागेच ठेवला. आपल्याकडे २०२० मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून ‘स्मार्ट’ प्रकल्प सुरू झाला, त्याचं पूर्ण नाव बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प. लहान शेतकऱ्याला सामावून घेणाऱ्या स्पर्धाक्षम मूल्यसाखळ्या उभ्या करणं हा त्याचा घोषित हेतू आहे. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीनं प्रकल्प मांडायचा, ६० टक्के अनुदान मिळवायचं, उरलेले पैसे स्वतः आणि बँकेकडून उभे करायचे. गोदाम, प्रतवारीचं यंत्र, शीतगृह अशी कामं त्यातून होतात. कामं वाईट नाहीत. पण साखळीत एक कडी वाढली म्हणून तळचा माणूस आपोआप वर येतो असं शहागडच्या पंचक्रोशीत तरी दिसत नाही. वजन कोण करतं, भाव चारचौघांत पुकारला जातो की कानात सांगितला जातो, आणि भाव पटला नाही तर माल घेऊन थांबण्याची ताकद कुणात आहे, यावर त्याचं नशीब ठरतं.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काढलेला हिशेब पाहा. ग्राहकाच्या रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोत सुमारे ३३ पैसे मिळतात, कांद्यात ३६, द्राक्षात ३५, केळीत ३१. म्हणजे नाशवंत मालात दोन तृतीयांश रुपया वाटेतच राहतो. मोसंबी याच जातकुळीतली.

जालन्याची मोसंबी नावाजलेली आहे. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. बदनापूरला कृषी विद्यापीठाचं मोसंबी संशोधन केंद्र आहे. रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या खुंटावर बांधलेली कलमं, अठरा फुटांवर झाड, अशी बाग अंबड, घनसावंगी, पैठण या पट्ट्यात गावोगाव दिसते. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा, तो याच भागातून पुढे परभणीकडे जातो. धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. त्यानंतर इथल्या शेतीचा नूर पालटला हे खरं. पण मोसंबी खरी उभी राहिली ती विहिरीवर आणि बोअरवर, आणि मेलीही तिथेच. २०१२-१३ च्या दुष्काळात लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला. आठ-दहा वर्षं पोसलेली बाग एका उन्हाळ्यात वाळली की माणूस नुसतं पीक गमावत नाही, पुढच्या पाच वर्षांची कमाई गमावतो. कारण नवं कलम लावलं तरी धड फळाला यायला तेवढा काळ जातो. सरपणासाठी तोडलेल्या मोसंबीच्या ढिगाऱ्यांचे फोटो त्या वर्षी वर्तमानपत्रांत आले होते. त्या वर्षी ज्यांनी बाग काढली त्यांतले सगळे पुन्हा मोसंबीकडे वळले नाहीत.

बागेचं अर्थकारण बहारावर चालतं. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, जानेवारीत पाणी सोडायचं, की झाड फुलतं. फळ पावसाळा सरता सरता तयार होतं. मृगाचा बहार धरायचा तर ताण उन्हाळ्यात, फुलं पावसाळ्याच्या तोंडावर आणि फळ हिवाळा उलटताना. आंबियाचं फळ बाजारात येतं तेव्हा सगळ्यांचंच येतं आणि भाव बसतो. मृगाला माल थोडा, भाव बरा, पण निसर्गाचा भरवसा कमी. कोणता बहार धरायचा हे शेतकरी ठरवतो असं पुस्तकात असतं. खरं तर ते पाणी ठरवतं आणि अनेकदा कर्जाचा हप्ता ठरवतो.

आता सौद्याकडे येऊ. फळ हिरवं असतानाच व्यापारी किंवा त्याचा माणूस बागेत फिरतो, झाडाखाली उभं राहून वर बघतो, मनाशी टनाचा अंदाज बांधतो आणि एक आकडा बोलतो. बाग उक्ती द्यायची की टनावर, इथपासून घासाघीस. इसार म्हणून काही हजार हातावर ठेवले जातात. तो इसार घेतला की बाग अडकली. पुढे भाव चढला तर व्यापारी लगबगीनं तोडायला येतो. पडला तर ‘गाडी मिळत नाही’, ‘दिल्लीत उठाव नाही’, ‘फळावर मंगू दिसतोय’ अशी कारणं निघतात. मंगू म्हणजे कोळ्याच्या प्रादुर्भावानं फळाच्या सालीवर चढणारा तांबूस-काळपट रंग. आतला रस तोच असतो, दर मात्र उतरतो. तोपर्यंत फळगळ सुरू होते आणि रोज सकाळी झाडाखाली पडलेली फळं मोजत शेतकरी नरम पडतो. शेवटी तोड होते तेव्हा वजन व्यापाऱ्यानं ठरवलेल्या काट्यावर, त्यातून टनामागे काही किलोंची सूट धरायची, लहान फळ वेगळं काढायचं. या सगळ्यात बेकायदा म्हणावं असं फार थोडं असतं. फक्त प्रत्येक निर्णय एकाच बाजूला झुकलेला असतो.

यावर उपाय म्हणून प्रत्येक व्यासपीठावरून एकच शब्द ऐकू येतो: प्रक्रिया. मोसंबीचा रस काढा, बाटलीत भरा. हे बोलणाऱ्यानं कधी मोसंबीचा रस काढून संध्याकाळपर्यंत ठेवलेला नसावा. लिमोनिन नावाच्या घटकामुळे काढलेला रस काही तासांत कडवट होत जातो. रसवंतीत समोर काढून पिण्याचं हे फळ आहे. सहजी डब्यात जात नाही. कडवटपणा काढण्याचं तंत्र आहे, पण त्याला लागणारं भांडवल आणि बाराही महिने मालाचा पुरवठा गावातल्या उत्पादक कंपनीच्या आवाक्यातला नाही. पैठण तालुक्यात इसारवाडीला सरकारनं मोसंबीसाठी सिट्रस इस्टेट मंजूर केली. चांगली कलमं, यंत्रं, प्रतवारी अशा सोयींची तिच्याकडून अपेक्षा आहे. तिनं रोगमुक्त रोपं नीट दिली तरी पुष्कळ झालं.

शेतकऱ्याचा हात थोडा वर आला तो याहून साध्या गोष्टीनं. शहागडहून संभाजीनगरच्या दिशेनं याच महामार्गावर पाचोड आहे. तिथे मोसंबीचा उघडा लिलाव चालतो. पिकअप भरून नेली, ढीग ओतला, चार व्यापाऱ्यांनी चार आकडे पुकारले, काट्यावर वजन झालं, पट्टी हातात पडली. अडत, हमाली, तोलाई जाते, तक्रारीही असतात. पण बागेत येणाऱ्या व्यापाऱ्याला आता ‘पाचोडला काल काय निघाला?’ हे विचारता येतं आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. ज्यानं पाचोडला कधी माल नेलाच नाही त्याच्याही बागेचा भाव त्या लिलावानं थोडा सावरतो. मानांकनाच्या प्रमाणपत्रापेक्षा या एका प्रश्नानं जास्त काम केलं असं मला वाटतं. दिल्लीच्या आझादपूर मंडीत पेटी उघडणाऱ्याला ती जालन्याची की अनंतपूरची याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. मानांकन वापरून विकणारी संस्था मागे उभी नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवरच राहतं.

उसाची गोष्ट वेगळी आहे, आणि इथेच आपल्या राज्यानं एक मोठी गोष्ट करून दाखवली. अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना या भागात आला आणि गोदाकाठचा ऊस गुऱ्हाळातून सुटला. उसाला केंद्राची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आहे: २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४००. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. त्यावर महाराष्ट्रानं २०१३ मध्ये कायदा केला. साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के, किंवा मळी, बगॅस वगैरे धरून येणाऱ्या उत्पन्नाचे ७० टक्के, यांतलं जे जास्त ते ऊस उत्पादकाचं. अंमलबजावणीवर दर हंगामात वाद होतात, एफआरपी थकते, आंदोलनं होतात. तरीही तत्त्व बघा. शेवटच्या मालाला जो पैसा येईल त्यातला वाटा पहिल्या कडीला कायद्यानं बांधून दिला आहे. कापूस, मोसंबी, सोयाबीन यांतल्या कोणत्याच पिकाला असं काही नाही. ऊस पाणी पितो म्हणून आपण त्याला शिव्या देतो. रास्त आहे. पण शेतकरी ऊस का सोडत नाही याचं निम्मं उत्तर या कायद्यात आहे आणि उरलेलं निम्मं काट्यावरच्या पावतीत.

मात्र ही साखळी शेतकऱ्यापाशी सुरू होते असं धरणं हीच तिची खोट. तिच्या खाली आणखी एक माणूस आहे, तो कोयता घेऊन उभा असतो. खरं म्हणजे दोन माणसं. या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीनंतर निघायचं, थंडीवाऱ्यात पाचटाच्या खोपीत राहायचं आणि हंगामभर ती उचल फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांत करार झाला, मजुरीत ३४ टक्के वाढ झाली, टनाला ३६६ रुपये ठरले. जोडीनं दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत चढवायचा. मुकादमाचं कमिशन वेगळं. साखरेचा भाव वाढला, इथेनॉल आलं, वीजनिर्मिती आली. मळीतला वाटा ज्या कायद्यानं शेतकऱ्याला दिला त्यात कोयत्याचा उल्लेख नाही. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तेव्हा राज्याला या साखळीचं तळघर दिसलं. पाळीत खाडा परवडत नाही, खाडा झाला तर दंड कापला जातो, हे त्यामागचं अर्थशास्त्र होतं.

शहागडच्या पुलावर याचा एक विचित्र खेळ बघायला मिळतो. गेवराई, अंबड, घनसावंगीतली बिऱ्हाडं कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात. आणि नदीच्या या अंगाला ऊस उभा असतो, तो तोडायला बाहेरच्या टोळ्या येतात. गावात काम असताना माणसं परगावी का जातात असं बाहेरचा माणूस विचारतो. फाट्यावरचं उत्तर रोकडं आहे: मोठी उचल लांबचा मुकादम देतो, आणि घराजवळचा मजूर सणावाराला, आजारपणाला घरी पळतो म्हणून तो मुकादमाला नको असतो. मजुराच्या बाजूनं बघितलं तर उचल हाच त्याचा बँकेचा दरवाजा. लेकीचं लग्न, दवाखाना, सावकाराचं व्याज, सगळं त्यातून निघतं. जोवर त्याला पावसाळ्यात पन्नास हजार दुसरीकडून मिळत नाहीत, तोवर साखळीतली त्याची जागा बदलणार नाही.

कापसाबद्दल थोडक्यात सांगतो. तो या भागाचा जुना सोबती आहे आणि जालना शहर तर बियाण्यांची राजधानी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको तिथेच काढली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००२ मध्ये देशातल्या पहिल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली ती याच कंपनीच्या वाणांना. म्हणजे साखळीचं पहिलं टोक, बियाणं, आपल्या जिल्ह्यात. पण शेतातून वेचलेला कापूस पुढे कसा जातो बघा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. सरकीचं तेल, पेंड, रुईचं सूत, सुताचं कापड, ही सगळी वाढ जिनिंगच्या फाटकाच्या आत आणि पलीकडे होते. सरकीच्या ढेपीचा भाव चढला की शेतकऱ्याला तो कळतो तो गाईसाठी ढेप विकत घेताना. १९७२ पासून तीन दशकं एकाधिकार खरेदी योजना होती. तिनं तोटे केले, चुकारे लांबवले, पण रुईच्या विक्रीत फायदा झाला तर त्यातला भाग शेतकऱ्याला परत देण्याची सोय तिच्यात होती. योजना बुडाली तशी ती कल्पनाही बुडाली. वेचणीचं म्हणाल तर अलीकडे किलोला दहा रुपयांच्या आसपास दर गेला आहे. शेतकरी त्यावर कुरकुरतो. वेचणाऱ्या बाईच्या बोटांना बोंडाची टोकं टोचतात त्याची नोंद कुठे होत नाही. तरीही हा दर वाढला तो कुठल्या योजनेनं नव्हे. माणसं मिळेनाशी झाली आणि बायका घोळक्यानं येऊन बांधावरच दर ठरवू लागल्या, त्यानं वाढला.

आणि आता कोष. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांत या भागातल्या लहान शेतकऱ्यासाठी सगळ्यात मोठा फरक रेशमानं पाडला.

गोष्ट एका एकराची आहे. तुतीची लागवड, एक शेड, त्यात मांडण्या म्हणजे रॅक. शंभर-दीडशे अंडीपुंजांची एक बॅच. पहिल्या दोन अवस्था चॉकी केंद्रात होतात, तिथून शेतकरी अळ्या आणतो. मग दिवसातून दोन-तीनदा पाला कापून घालायचा. अळी चार वेळा कात टाकते. शेवटची, पाचवी अवस्था आली की घरात दुसरं काही चालत नाही. अळीच्या सगळ्या आयुष्यातल्या खाण्यातला चार-पंचमांशाहून जास्त पाला ती या एका आठवड्यात फस्त करते. शेडमध्ये त्या वेळी उभं राहिलं तर पत्र्यावर पावसाची भुरभुर पडावी तसा बारीक आवाज येत असतो. तो हजारो अळ्यांच्या चघळण्याचा. मग चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, अळ्या चढतात, दोन-तीन दिवसांत कोष विणतात, पाचव्या-सहाव्या दिवशी काढणी. सगळं मिळून महिनाभर. शेजाऱ्यानं कापसावर औषध फवारलं आणि वारा आपल्याकडे आला, तर तुतीचा पाला विषारी होतो आणि बॅच जाते. उझी माशी, ग्रासरी असे शत्रू आहेतच. पण सगळं जमलं तर शंभर अंडीपुंजांमागे साठ-सत्तर किलो कोष हातात येतात. भाव कधी तीनशेखाली, कधी सहाशेच्या वर. वर्षात चार-पाच बॅचेस. मराठवाड्यात महिन्याला पैसा देणारं पीक दुधाशिवाय दुसरं नव्हतं.

कोषाला एक अडचण मोसंबीहून कडक आहे. तो ठेवता येत नाही. आठवडाभरात आतला पतंग कोष फोडून बाहेर येतो, आणि फुटलेल्या कोषाचा अखंड धागा निघत नाही. एका कोषात साधारण हजार मीटर धागा असतो. एक भोक पडलं की तो तुकड्यांचा गुंता होतो. तेव्हा विकायचं ते लगेच. आणि बाजार कुठे? रामनगरला, कर्नाटकात. शोलेचं चित्रीकरण झालं ते रामनगर, कोषांची देशातली सगळ्यात मोठी पेठ. जालन्याहून आठ-नऊशे किलोमीटर. शेतकरी मिळून गाडी करायचे, उन्हाचा ताप लागू नये म्हणून रात्रीचा प्रवास, तिथे कन्नडमध्ये पुकारा. माल आणलाय तो परत नेता येत नाही हे घेणाऱ्याला पक्कं माहीत. बागेतल्या व्यापाऱ्यासमोर निदान आपल्या गावात उभं राहायचं असतं. इथे परमुलखात.

एप्रिल २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोष बाजारपेठ सुरू झाली, राज्यातली पहिली. कारखाना नाही, मोठी इमारत नाही. एक छप्पर, लॉट ओतायच्या जाळ्या, वजनाचा काटा, लिलाव, कर्नाटक-बंगालकडून आलेले खरेदीदार. घेणारा मूठभर कोष उचलतो, कानाशी हलवतो, एखादा कापून आतलं बघतो, डबल कोष आणि पोचट किती हे चाळतो, मग बोली लावतो. शेतकरी सकाळी निघून संध्याकाळी घरी. पुढे बीड, बारामतीलाही पेठा उघडल्या. २०२० च्या टाळेबंदीत भाव कोसळले, अनेकांनी तुती उपटली, तेव्हा हे छप्पर काही वाचवू शकलं नाही. जगाच्या बाजारात रेशमाचा भाव चीन ठरवतो आणि त्याला जालन्याच्या काट्याशी देणंघेणं नाही. पण एरवीच्या महिन्यांत ज्यांनी वाहतूक, मुक्काम, वाटेतली घट आणि लुबाडणूक वाचवली, त्यांच्यासाठी ती पेठच मूल्यसाखळी ठरली.

या साखळीचं पुढचं टोक पाहिलं तर मात्र जरा गंमत वाटते. शहागडहून नदीच्या वरच्या अंगाला गेलं की पैठण लागतं. तिथल्या आणि येवल्याच्या मागावर पैठणी विणली जाते. जर सुरतेची, रेशमी धागा बहुतेक बंगळूरकडून आलेला. म्हणजे गोदाकाठचा कोष दक्षिणेत जायचा, तिथे धागा व्हायचा आणि पिळून, रंगून पुन्हा गोदाकाठी साडीत यायचा. सहा-सात किलो कोषांचा एक किलो धागा होतो. रिळिंग इथेच झालं तर तो फरक इथे राहील, हे गणित सोपं आहे. पण रिळिंग करणाऱ्याला रोज ठरावीक प्रतीचा कोष, मऊ पाणी, वीज आणि हात बसलेले कामगार लागतात. आधी पेठ, मग धागा, मग माग हा क्रम योग्यच आहे असं मला वाटतं. आपल्याकडे नेहमी उलटं होतं: आधी प्रकल्पाचं उद्घाटन, मग मालाचा शोध.

रेशमाच्या यशामागे आणखी एक हात आहे आणि त्याचं नाव फार कमी घेतलं जातं: रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळातून आलेली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली, १९७७ मध्ये राज्याच्या कायद्यात बसलेली योजना. तिच्यातून आता तुती लागवड आणि शेड उभारणीला मजुरी आणि साहित्याचा पैसा मिळतो, आणि ती मजुरी शेतकऱ्याच्या घरच्यांना स्वतःच्याच रानात काम केल्याबद्दल मिळते. पहिलं वर्ष, ज्यात हाताशी काहीच येत नाही, ते त्यावर निघतं. माल घेऊन थांबण्याची ताकद मोसंबीवाल्याकडे नव्हती. तुतीवाल्यालाही कोष घेऊन थांबता येत नाही, पण पहिलं वर्ष काढण्याची ताकद थोडीशी का होईना सरकारी मस्टरनं दिली.

तरी तुतीच्या मस्टरवर यायला सातबारा लागतोच. एक एकर, पाणी आणि कागदावर नाव. शहागडच्या आसपास ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही ते सालगडी म्हणून पाडव्याला सालाचा करार करतात, वेचणीला जातात, कोयता घेतात, किंवा चार शेळ्या पाळतात. शेळी ही भूमिहीनाची मूल्यसाखळी. उस्मानाबादी शेळी जुळी देते, बांधावरच्या पाल्यावर जगते, अडचणीला विकता येते. पण ती विकली जाते आठवडी बाजारात, डोळ्यांच्या अंदाजानं, उक्ती. खाटिकाचा अंदाज रोजचा असतो, बाईचा वर्षातून दोनदाचा. उमेद अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) महिला गटांनी ‘पशुसखी’ तयार केल्या, लसीकरण, जंतनिर्मूलन झालं, करडं मरणं कमी झालं. जिथे गटानं साधा टांगता काटा घेतला आणि जिवंत वजनावर विकायला सुरुवात केली, तिथे बोलणीच बदलली. हजार-दोन हजारांचा काटा. त्याला मूल्यसाखळीच्या अहवालात जागा मिळत नाही, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

बायकांचा विषय निघाला म्हणून सांगतो, तुतीच्या शेडमधलं निम्म्याहून जास्त काम बायका करतात. जालन्याच्या पेठेत कोष ओतायला मात्र बहुतेक पुरुष येतात आणि पट्टीचा पैसा सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात पडतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करा असं सांगितलं, तेव्हा ते भावनेचं आवाहन वाटलं होतं. आज ती बाजाराची अट वाटते.

ऑगस्ट २०२३ मध्ये शहागडपासून जवळच असलेल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं आणि हा सगळा परिसर राज्याच्या नकाशावर आला. आरक्षणाचा वाद इथे सोडवायचा नाही. पण त्या गर्दीतल्या तरुणांच्या घरी काय पिकतं आणि कितीला विकतं हे विचारलं असतं, तर उत्तरात मोसंबी, ऊस आणि कापूसच आले असते.

या पिकांच्या साखळीत तळच्या माणसाला जागा द्यायची तर उत्पादक कंपन्यांचा जो कायदा आपण २००२ मध्ये कंपनी कायद्यात घातला, त्याच्या व्याख्येकडे पुन्हा एकदा बघायला हवं. त्यात ‘उत्पादक’ म्हणजे जमीनमालक असं म्हटलेलं नाही. प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणतंही काम करणारी व्यक्ती उत्पादक ठरते. त्या हिशेबानं मोसंबी तोडणारी टोळी, कोष काढणारी बाई, कापूस वेचणारा घोळका हे सगळे सभासद होऊ शकतात, भाग घेऊ शकतात, वर्षअखेरीला नफ्यातला वाटा मागू शकतात. प्रत्यक्षात सभासदाच्या अर्जाला सर्रास सातबारा जोडायला सांगतात, कारण अनुदानाच्या फायलीला तो लागतो आणि बँकेलाही. अंबड तालुक्यातल्या एखाद्या मोसंबी कंपनीनं तोडणीच्या टोळीला भाग दिले आणि टनामागच्या नफ्यात त्यांचा आकडा लिहिला, तर त्यासाठी ना नवा कायदा लागेल ना जागतिक बँक. सभासदांच्या एका सर्वसाधारण सभेत ठराव करता येईल. तशी सभा अजून कुणी बोलावलेली माझ्या तरी ऐकिवात नाही.